उन्हाचा डायोड

तर झालं असं की ऐन मे महिन्यात आमच्या इन्व्हर्टरने चार्जिंग करणं सोडून दिलं. बंद पडला नाही हां. लाईट गेली की इमानदारीने पंखे चालवायचा, पण लाईट आल्यावर बॅटरीत काही भरायचाच नाही. नुसता खर्च, जमा शून्य. मेकॅनिक आला, झाकण उघडलं, "बोर्डच बदलावा लागते भाऊ" म्हणाला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला पाणी पाजलं अन् वाटेला लावलं.

नागपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. २०१३ च्या मे मध्ये ४७.९ डिग्री झालं होतं इथं. यंदा तेवढं नव्हतं पण ४४ च्या खाली पारा यायला तयार नव्हता, अन् अशात रात्री कूलर बंद आणि वरून पंखाही बंद म्हणजे माणूस पापडासारखा भाजून निघतो. त्यामुळे मी घरात जाहीर करून टाकलं की चार्जर मी घरीच बनवतो, फुकटात.

फुकटात हा शब्द वापरायला नको होता, बायकोने तो तिथल्या तिथे पाठ करून ठेवला.

माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, पडून होता. त्याला चालू करायची ट्रिक सोपी आहे, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला जोडायची, यू-पिन वाकवून घातली तरी चालते. घातली. पंखा फिरला. मी असा खुश झालो की पोरीला हाक मारून दाखवलं. पिवळी वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, अन् मीटर लावून बसलो. काहीच जाईना. शून्य अँपिअर.

बायको म्हणाली, "बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्टचाच डबा, मग अडलं कुठं?"

आता तिला काय सांगू. तिला म्हटलं, आपल्या गच्चीवरची टाकी आणि शेजारच्या काकांची टाकी एकाच उंचीवर आहे, मधे पाइप टाकला तर पाणी इकडून तिकडे जाईल का? बारा व्होल्टची बॅटरी भरली की स्वतःच १२.७ दाखवते, आणि तिला भरायला १४.४ च्या आसपास द्यावे लागतात. म्हणजे आपली टाकी वर उचलावी लागेल. ती म्हणाली, "मग उचला न." एवढं बोलून गेली भेंडी चिरायला.

वर उचलायचा उपाय मला रात्री दोन वाजता सुचला, लाईट गेलेली होती, झोप येत नव्हती, दुसरं काय करणार. एसएमपीएसमधून बारा व्होल्ट निघतात, पाच निघतात आणि एका वायरीतून ३.३ पण निघतात. दोन एसएमपीएस घेऊन एकाचे बारा आणि दुसऱ्याचे ३.३ एकावर एक चढवले तर १५.३! त्यात थोडं कमी करायला मधे एक डायोड टाकला (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, जाताजाता थोडे व्होल्ट खातो) की काम फत्ते. आणि गंमत बघा, ३.३ व्होल्टच्या वायरचा रंग कोणता असतो? संत्री. नागपूरच्या माणसाला शेवटी संत्रीच कामी आली. मला तर हा शकुनच वाटला.

दुसरा डबा आणायला इतवारीत एका कबाडीवाल्याकडे गेलो. तो म्हणे, "चालू हे बॉस, आंख मूंद के ले जाओ." मी आंख मूंदून तीनशे दिले. मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन पस्तीस अँपिअरचा चौकोनी ब्रिज घेतला (त्याच्यातच डायोड मिळतात), हीटसिंक, जाड वायर, लग, फ्यूज, गाडीच्या हेडलाइटचे बल्ब, दोन इंडिकेटरचे बल्ब. गेलोच आहे बर्डीला तर तर्री पोहा खाल्ला, तो खर्च मी चार्जरमध्ये धरत नाही. बायको धरते.

घरी येऊन दोन्ही डबे जोडले, दोन्ही पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात, स्विच टाकला. टक्. दोन्ही पंखे अर्धा गिरका मारून थांबले. परत केलं, परत टक्. मी कबाडीवाल्याला मनातल्या मनात जे काही बोललो ते इथे टाइप करता येत नाही, पण खरी चूक माझीच होती. एसएमपीएसची काळी वायर आतून त्याच्या पत्र्याच्या डब्याला जोडलेली असते, आणि डबा तीन पिनच्या अर्थिंगला. मी दुसऱ्या डब्याची काळी वायर पहिल्याच्या बारा व्होल्टवर चढवली, म्हणजे अर्थिंगमधून सरळ शॉर्ट. बिचारे डबे स्वतःला वाचवून घेत होते. यावर काही हुशार लोक अर्थिंगची पिनच तोडून टाकतात, ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका, आत २३० चे तीनशेच्या वर व्होल्ट होऊन कपॅसिटरमध्ये बसलेले असतात अन् प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच राहतात.

मग दुसरा डबा अर्धा तास तसाच ठेवून उघडला, आतला बोर्ड पत्र्यापासून सोडवला. चारही स्क्रू काढले, बोर्डाखाली शीट घातली अन् प्लास्टिकच्या केबल टायने आवळला. शीट म्हणजे आईच्या गुडघ्याचा २०१६ चा एक्स-रे. तो मला तिथं सगळ्यात योग्य वाटला, मापातही बसला, मीटरचा बझर पण वाजला नाही, म्हणजे बोर्ड पत्र्याला कुठंच टेकत नव्हता. तरी मनात धाकधूक म्हणून तो डबा लाकडावर ठेवायचं ठरवलं, आणि घरात लाकडाचं सुटं असं एकच होतं, आईचा पाट.

"माह्या पाटावर हे कोणतं दैवत बसवलं रे?" आईने विचारलं.

"दोन दिवस फक्त," मी म्हणालो.

मग बारा व्होल्टवाली लाईन ११.४ च दाखवून राहिली होती. या जुन्या डब्यांचं असं असतं की पाच व्होल्टच्या लाल वायरीवर काही ओझं नसलं तर बारावाली आळस करते. म्हणून दोघांच्या लाल वायरीला एकेक इंडिकेटरचा बल्ब लावला, तो पाच व्होल्टवर मंद पिवळा जळत राहतो, देवघरातल्या झिरो बल्बसारखा. पाट, वर डबा, बाजूला दोन मंद दिवे. आई येता-जाता हात जोडायला लागली, खोटं नाही सांगत.

आणि बॅटरी एकदम रिकामी असली तर इतकं खेचते की डबे पुन्हा टक् करून झोपतात, म्हणून लाईनीत हेडलाइटचा बल्ब. तो जेवढा लाल, बॅटरी तेवढी भुकेली. चालू केलं अन् बल्बची तार अशी मंद लालसर झाली, कोळसा विझता विझता होतो न तशी. मीटरवर पावणेदोन अँपिअर. मी शर्टाच्या बाहीने घाम पुसला आणि हिशोब केला. बॅटरी १५० एएचची, म्हणजे अँपिअर गुणिले तास दीडशे. भागिले पावणेदोन. शहाऐंशी तास.

"म्हणजे सोमवारपर्यंत लाईट जाऊ नये असं सांगू का लाईटवाल्यांना?" बायको.

शेवटी तीन बल्ब पॅरलल लावले, पाच अँपिअर मिळाले, सव्वा दिवसावर आलं. तिसऱ्या दिवशी नवतपा लागला, मे अखेरचे ते सगळ्यात तापाचे नऊ दिवस. दुपारी चारला बाल्कनीतून वरण उकळल्यासारखा आवाज. बॅटरी खदखदत होती, आंबूस वास, झाकणांवर ओल. मी स्विच बंद करायला धावलो तर आई वास घालवायला उदबत्ती पेटवून बॅटरीजवळच लावायच्या बेतात! उकळणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. मी अशी झडप घातली की उदबत्ती विझली, माझा चष्मा कूलरच्या पाण्यात गेला, अन् गल्लीपलीकडून काका ओरडले, "काहून रे, काय करून राहिला बे?"

कारण नंतर कळलं. तो १४.४ चा आकडा २५ डिग्रीसाठी असतो. त्याच्यावर प्रत्येक डिग्रीमागे साधारण चोवीस मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. बाल्कनीत ४४, म्हणजे एकोणीस डिग्री जास्त, म्हणजे जवळपास अर्धा व्होल्ट जास्त देऊन मी बॅटरीला तिच्याच पाण्यात शिजवत होतो. सगळी गणितं बरोबर होती, फक्त ती नागपूरची नव्हती.

उपाय मात्र एक मिनिटाचा निघाला. तो चौकोनी ब्रिज आहे न, त्यातून वायर एका पायातून दुसऱ्या पायात नेली की करंट एका डायोडऐवजी दोन डायोडमधून जातो, आणखी पाऊण व्होल्ट कमी. मी त्याला उन्हाचा डायोड नाव दिलं. मीटरवर १३.९, उकळणं बंद. लिटरभर डिस्टिल्ड वॉटर टाकलं, बॅटरी शांत झाली. त्या रात्री दीड तास लाईट नव्हती आणि आमचे पंखे फिरत होते. काका टॉर्च घेऊन बघायला आले, पाच मिनिटं पंख्याखाली बसले, मग सव्वा तास बसले.

एकूण खर्च विचारू नका. बायकोकडे लिहिलेला आहे, पोह्यासकट, चष्म्यासकट.

पाऊस पडला, हवा थंड झाली, मी वायर परत पहिल्या पायात लावली. दोन दिवसांचा चार्जर तीन महिने पाटावर बसून होता. परवा आई म्हणाली, "महालक्ष्म्या आल्या, माहा पाट मोकळा कर." आता लाकडाचं दुसरं काय आणायचं म्हणून मी घरभर फिरलो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नुसतं पोळपाटाकडे बघितलं फक्त, हात पण लावला नाही, तर कणकेतून मान वर न करता बायको म्हणाली,

"विचार बी करू नका."