सशांच्या शिकारीसाठी छर्रे न दिल्याबद्दल आलेल्या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. आपण आमच्याकडून स्प्रिंगवर चालणारी, ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची एअर रायफल नेली आणि नंतर सासवडच्या बाजूला आपल्या शेतात येणारे ससे मारण्यासाठी टोकदार छर्रे मागायला आलात. आमच्या सहकाऱ्याने त्यासाठी छर्रे देण्यास आणि सल्ला देण्यासही नकार दिला, कायदा ऐकवला, आणि सरावासाठी म्हणून जी डबी दिली तिच्यातले छर्रे तीस मीटरवर ‘कुठेही जातात’, असे आपले म्हणणे आहे. रायफल घेताना ओळखपत्राची प्रत मागितल्याची आणि ५.५ मिलिमीटरची रायफल न दाखवल्याचीही तक्रार आपण केली आहे. हे उत्तर इतर ग्राहकही वाचतील, म्हणून ते सविस्तर देत आहे.

प्रथम नकाराविषयी. आपल्याकडे सासवड, जेजुरी, दौंडच्या माळांवर दिसणारा ससा हा मानेच्या मागच्या बाजूला काळा डाग असणारा भारतीय ससा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. या कायद्याच्या व्याख्येनुसार केवळ प्राणी मारणे म्हणजे शिकार नव्हे. त्याला पकडणे, सापळा लावणे, हाकून आणणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा घडतोच. शेत स्वतःच्या मालकीचे आहे, बंदूक विनापरवाना मिळते, किंवा ससा पिकाचे नुकसान करत होता, यांपैकी कोणतेही कारण लेखी परवानगीवाचून उपयोगी पडत नाही. गुन्ह्यात वापरलेले हत्यार आणि वाहन जप्त होऊन सरकारजमा होऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी सांगितलेल्या सशाच्या शिकारीच्या गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्या काळाचा नियम आज लागू नाही. एअर गनला परवाना लागत नाही याचा अर्थ एवढाच, की ती बाळगण्यासाठी परवाना लागत नाही. ती कशावर रोखायची, हे दुसरा कायदा ठरवतो. आमच्या सहकाऱ्याने हेच सांगितले आणि मी त्याच्या पाठीशी आहे.

आपण परदेशी व्हिडिओंचा दाखला दिला आहे. ते व्हिडिओ खोटे नाहीत, पण तेथील ससा वेगळा, कायदा वेगळा आणि बंदूकही बहुधा वेगळी असते. ब्रिटनमध्ये बिळे खणून कळपाने राहणारा युरोपीय ससा शेतीचा उपद्रवी प्राणी मानला जातो, आणि जमीनमालकाच्या संमतीने तो मारता येतो. तेथे १२ फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १६ ज्यूल ऊर्जेच्या (छर्रा किती जोराने सुटतो, त्याच्या मापाच्या) एअर रायफली प्रचलित आहेत आणि शिकारीसाठी अनेक जण ५.५ मिलिमीटरची नळी पसंत करतात, कारण तिचा छर्रा सुमारे एक ग्रॅमचा, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या नेहमीच्या छर्‍याच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो. तेथील जबाबदार शिकारी तीस-पस्तीस मीटरच्या पलीकडे छर्रा सोडत नाहीत आणि नेम फक्त डोक्यावर, डोळा आणि कान यांच्या मधोमध धरतात, कारण एअर रायफलचा छर्रा मोठा धक्का देऊन प्राणी मारत नाही. तो मेंदूपर्यंत पोहोचला तरच प्राणी जागीच मरतो. पोटात किंवा मांडीत बसलेल्या छर्‍याने ससा पळून जातो आणि झुडपात दोन-दोन दिवस तडफडून मरतो. आपल्याकडचा ससा बिळात राहत नाही. तो गवतातल्या उथळ खळग्यात दबून बसतो, अगदी जवळ गेल्यावर उडी मारून वेगाने पळतो आणि अंगानेही बहुधा युरोपीय सशापेक्षा मोठा असतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी अशा प्राण्यावर घरगुती एअर गन चालवणे मला क्रूरपणाचे वाटते आणि ते माझ्या दुकानातून घडावे, अशी माझी इच्छा नाही.

आता छर्‍यांकडे वळतो, कारण आपल्या तक्रारीतील हा भाग तांत्रिक आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. आपल्याला दिलेले छर्रे सपाट तोंडाचे, सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाचे, १० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवलेले आहेत आणि डबीवर तसे लिहिलेले आहे. सपाट तोंडामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही, म्हणून बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर सराव करणारी मुले ते वापरतात. मात्र त्या सपाट तोंडाला हवेचा विरोध जास्त होतो, वेग झपाट्याने कमी होतो आणि वीस-पंचवीस मीटरच्या पुढे छर्रे पांगू लागतात. तीस मीटरवर ते पांगले, तर तो छर्‍याचा दोष नाही. ते अंतर त्याचे नव्हेच.

टोकदार छर्रा अधिक खोल जातो, म्हणून तो अधिक चांगला, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ते टोक छर्‍याच्या मधोमध, अगदी अक्षावर असणे कठीण असते. डबीत एकमेकांवर आपटूनही ते बोथट होते किंवा वाकते, आणि मग प्रत्येक छर्रा थोडा वेगळा उडतो. पोकळ टोकाचा छर्रा आदळल्यावर पसरावा म्हणून बनवलेला असतो, पण त्यासाठी पुरेसा वेग लागतो आणि लांबच्या अंतरावर तोही नेम राखत नाही. म्हणूनच ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तेथेही अनुभवी माणसे बहुधा साधा, गोल तोंडाचा, शिशाचा छर्रा निवडतात. हवा कापत सरळ जाण्यात तो या सर्वांत सरस आहे, आणि प्रत्येक छर्रा त्याच ठिकाणी लागणे हे जास्त खोल घुसण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

वजनाबाबतही तसेच. आपल्यासारख्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि त्याने दाबलेली हवा छर्रा सोडते. तिच्यात फार हलका छर्रा घातला तर त्याच्यामागे हवेचा दाब पुरेसा तयार होत नाही, पिस्टन पुढच्या टोकावर आदळतो, स्प्रिंग आणि हवा अडवणारे सील लवकर खराब होतात आणि झटक्याने नेमही हलतो. फार जड छर्रा घातला तर वेग पडतो आणि छर्रा बराच खाली लागतो. ४.५ मिलिमीटरसाठी ०.५ ते ०.५५ ग्रॅमच्या आसपासचा छर्रा बहुतेक स्प्रिंगच्या रायफलींना मानवतो. त्यातही एकाच वजनाच्या छर्‍यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर असे डोक्याचे वेगवेगळे व्यास छापलेले असतात आणि कोणता व्यास कोणत्या नळीला बसतो, हे फक्त चालवून पाहिल्यावरच कळते. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे आवडू शकतात. छर्रा नळीत घालताना अंगठ्याने दाबताच तो सैल घरंगळला, किंवा जोर लावल्यामुळे मागचा पातळ घेर चेपला, तर तो आपल्या नळीचा नव्हे असे समजावे.

५.५ मिलिमीटरबाबतचा नियम स्पष्ट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर त्या एअर गनला परवाना लागतो. आपल्याकडे तो नव्हता, म्हणून ती दाखवली नाही. ओळखपत्राची प्रत आम्ही प्रत्येक एअर गनच्या विक्रीच्या वेळी घेतो आणि त्याला कोणाचाही अपवाद नाही.

आपल्या शेतात ससे भाजीपाल्याची कोवळी रोपे खात असतील, तर ते नुकसान खरे आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. भारतीय ससा बीळ खणत नाही, त्यामुळे बारीक चौकोनांची, साधारण कमरेइतकी उंच आणि जमिनीलगत फट न ठेवता खिळवलेली तारेची जाळी त्याला चांगली अडवते. नव्या लागवडीभोवती तेवढीच जाळी पुरते. तरीही त्रास थांबला नाही, तर वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे किंवा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्याबाबत काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, शेतकऱ्याचा किंवा बंदूक विकणाऱ्याचा नाही. एअर रायफलचा छर्रा मोकळ्या माळावर काही शे मीटर जातो आणि दगडावरून उसळतो. शेजारच्या बांधावर कोणी काम करत असेल, तर काय होऊ शकते याचाही आपण विचार करावा, अशी विनंती करतो.

कागदी टार्गेटवर तीस मीटरचा सराव करण्याची आपली इच्छा असेल, तर रायफल आणि उघडलेली डबी घेऊन दुकानात यावे. आमच्याकडे गोल तोंडाचे, तीन-चार वेगवेगळ्या वजनांचे आणि व्यासांचे छर्रे आहेत. प्रत्येकी दहा-दहा छर्रे मागच्या बाजूच्या आमच्या छोट्या रेंजवर, सहकाऱ्याच्या उपस्थितीत, आपणच चालवून पाहावेत आणि ज्यांचा पुंजका, म्हणजे कागदावरील भोकांचा पसारा, सर्वांत लहान पडेल तेच घ्यावेत. त्या चाचणीचे पैसे आकारले जाणार नाहीत. तीस मीटरसाठी दुर्बिणीचे झिरोइंग, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि छर्रा एकाच ठिकाणी लागेल अशी जुळवणी, करावे लागेल, तेही करून देऊ. येण्यापूर्वी दूरध्वनी केल्यास रेंज मोकळी ठेवता येईल.

आपला,
दुकानमालक, पुणे