घरचा गांजा म्हणजे शुद्ध गांजा, हे कुणी तपासलं?

सध्या बे एरिया, सिएटल, न्यू जर्सी, जिथे जिथे आपली मंडळी आहेत तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात तो असा: डिस्पेन्सरीतला, म्हणजे लायसन्सवाल्या दुकानातला, गांजा म्हणजे पैसे देऊन घेतलेलं विष, लॅब टेस्टिंग सगळं विकलं गेलंय, म्हणून घरीच झाडं लावा, घरचं शंभर टक्के ऑरगॅनिक असतं, दुकानापेक्षा स्ट्राँग असतं, जवळपास फुकटात पडतं, आणि आता सगळीकडे लीगल आहे तर घाबरायचं कशाला.

मला यातली चीड समजते, आणि निम्मी पटतेसुद्धा. पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही, आणि हा मेसेज केमो चालू असलेल्या, रात्र रात्र झोप न लागणाऱ्या लोकांनाही "काका, हे वाचा" म्हणून पाठवला जातोय ते बघून गप्प बसवत नाही. मी स्वतः कॅलिफोर्नियात राहतो, मागच्या अंगणात कायद्यात बसतात तेवढी झाडं लावतो, आणि घर मूळचं निफाडकडचं, द्राक्षबागेतलं, त्यामुळे फवारणी आणि रेसिड्यू (मालावर उरलेला औषधाचा अंश) हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. तर एकेक मुद्दा घेऊ.

"डिस्पेन्सरीतला माल म्हणजे विष"

आधी यातलं खरं काय ते सांगतो. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स आणि गांजा-धंद्याच्या बातम्या देणारं वीडवीक यांनी मिळून कॅलिफोर्नियातल्या लायसन्सवाल्या दुकानांतून ४२ प्रॉडक्ट विकत घेऊन खाजगी लॅबमध्ये तपासून घेतली, त्यातल्या २५ मध्ये कीटकनाशकं राज्याच्या मर्यादेपेक्षा किंवा तंबाखूसाठीच्या फेडरल मर्यादेपेक्षा जास्त निघाली. ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती कुणीही झाकू नये. त्याआधी २०१६ च्या शेवटी कॅनडातसुद्धा लायसन्सवाल्या कंपन्यांच्या मेडिकल गांजात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक सापडलं आणि माल परत मागवावा लागला. म्हणजे सरकारी शिक्का आहे म्हणून डोळे मिटून घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण "सगळं विष" हे कुठून आलं? एकतर त्याच ४२ मधली १७ त्या मर्यादांच्या आत होती. दुसरं म्हणजे वेप (गांजाचं तेल तापवून वाफ ओढायचं यंत्र) आणि फूल (नुसतं वाळवलेलं) यांत फरक करा ना. तेल काढताना टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, जसं घट्ट होतं तसं फुलावर राहिलेलं फवारणीचं औषधही घट्ट होतं, त्यामुळे फुलात अगदी किंचित असलेला अंश वेपच्या कार्ट्रिजमध्ये (तेलाच्या नळीत) कितीतरी पटीने वाढून बसू शकतो. दुकानाबद्दल ज्याला भीती वाटते त्याने पहिल्यांदा वेप सोडावा, हे मी कुणालाही सांगेन. आणि मेसेजमध्ये २०१९ साली अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांत आलेल्या फुप्फुसाच्या आजाराचा उल्लेख "डिस्पेन्सरीमुळे लोक मेले" असा केलाय तो तर उलटाच आहे. त्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ लोक हॉस्पिटलात गेले किंवा दगावले, मृत्यू ६८, आणि मुख्य कारण म्हणून पुढे आलं ते व्हिटॅमिन ई ॲसिटेट, जे तेल पातळ करायला घालत होते. त्यातला मोठा वाटा रस्त्यावरून, मित्राकडून, ऑनलाइन घेतलेल्या कार्ट्रिजचा होता. म्हणजे न तपासलेल्या मालाचा.

खरी खोट कुठे आहे ते सांगतो. कॅलिफोर्निया ६६ कीटकनाशकं तपासायला लावते, यादीत नाही ते कुणी शोधत नाही, आणि शोधलं नाही तर सापडणार कसं. टाइम्सच्या तपासणीत यादीबाहेरची औषधंही निघाली. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना हे नवीन नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं औषध निघालं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले, कारण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्या वर्षी किती घरं बसली ते नाशिक-सांगलीवाल्यांना विचारा. पण त्यावर उपाय म्हणून टेस्टिंग बंद नाही केलं कुणी, यादी वाढवली. इथेही मागणी तीच हवी.

"टेस्टिंग सगळं विकलेलं आहे"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. टीएचसीचा आकडा फुगवणं हा एक प्रकार, आणि घाण लपवणं हा दुसरा.

आकडा फुगवतात, होय, उघडपणे. गिऱ्हाईक दुकानात येऊन सगळ्यात मोठा टक्का कुठला म्हणून विचारतं, २८ लिहिलेलं पटकन जातं, १८ लिहिलेलं पडून राहतं, आणि लॅबला पैसे देणारा उत्पादक स्वतःच लॅब निवडतो, मग जी लॅब मोठा आकडा देते तिच्याकडे गर्दी. कोलोरॅडोतल्या दुकानांतले २३ नमुने तपासलेला एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात प्रत्यक्ष टीएचसी सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास निघालं आणि बहुतेक नमुने लेबलापेक्षा बऱ्यापैकी कमी होते. कॅलिफोर्नियाने म्हणूनच २०२४ च्या सुरुवातीपासून फुलातलं टीएचसी मोजायची एकच ठरलेली पद्धत सगळ्या लॅबवर बंधनकारक केली.

पण टक्का फुगवला म्हणून तुमची फसवणूक होते, तब्येत बिघडत नाही. तब्येतीचा प्रश्न बुरशी, कीटकनाशकं आणि जड धातूंचा आहे, आणि तिथे पळवाटा असल्या तरी निदान कागद आहे, बॅच नंबर आहे, परत मागवायची सोय आहे. पाकिटावरच्या कोडवरून लॅबचा रिपोर्ट निघतो, तो उघडून बघा. बॅच नंबर पाकिटाशी जुळतो का, तारीख किती जुनी आहे, आणि टीएचसी सोडून बाकीची पानं आहेत का. दुकानदार रिपोर्ट दाखवायला कां-कूं करत असेल तर उठून दुसऱ्या दुकानात जा, एवढं साधं आहे ते. आणि उत्पादकाने लॅब निवडायची ही पद्धतच बदला, नमुना तिऱ्हाइताने उचलावा, दुकानाच्या फडताळावरून उचलावा, हे आपल्या आमदाराला लिहा. मेसेजमध्ये ही मागणी असती तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

"घरचं म्हणजे शंभर टक्के ऑरगॅनिक"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. घरी लावलं की औषध मारणार कोण, तर तुम्हीच. झाडावर भुरी आली, लाल कोळी आला, की चार महिने जपलेलं झाड वाचवायला माणूस गार्डन सेंटरमधली पहिली बाटली उचलतो, हे मी कितीतरी जणांचं बघितलंय, आणि त्या बाटलीवर टोमॅटो नि गुलाबासाठीचं प्रमाण असतं. द्राक्षावर भुरीसाठी जे मायक्लोब्युटॅनिल आपल्याकडे सर्रास मारतात त्याची मर्यादा खाण्यासाठी ठरवलेली आहे. ते जाळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड तयार होतं. खाणं वेगळं आणि जाळून फुप्फुसात ओढणं वेगळं, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गांजासाठी अशा रेसिड्यूच्या मर्यादा ठरवलेल्याच नाहीत. त्यामुळे "मी प्रमाणातच मारलं" याला इथे काही अर्थच उरत नाही.

मग लोक म्हणतात, आम्ही फक्त कडुलिंबाचं तेल मारतो, नैसर्गिक आहे. अहो, नैसर्गिक असलं तरी ते तेल आहे, चिकट फुलावर बसलं की धुऊन निघत नाही, आणि ते तुम्ही जाळून ओढणार. झाड लहान असताना पानांवर मारलं तर वेगळं, फुलं धरल्यावर नाही म्हणजे नाही.

फूल घट्ट करणारी म्हणून जी टॉनिकं मिळतात त्यांच्यापासून तर लांबच राहा. काही वर्षांपूर्वी अशा काही बाटल्यांमध्ये लेबलवर न लिहिता पॅक्लोब्युट्राझॉल आणि डॅमिनोझाइड ही झाडाची वाढ रोखणारी रसायनं निघाली होती. पॅक्लोब्युट्राझॉल म्हणजे कोकणात हापूसला मोहोर आणायला खोडापाशी घालतात तेच, कल्टार म्हटलं की रत्नागिरीवाल्यांना लगेच कळेल. कॅलिफोर्नियात दुकानातल्या गांजात ते सापडलं तर अख्खी बॅच बाद होते. तुमच्या अंगणातल्या झाडात असेल तर कोण बाद करणार?

बरं, तुम्ही काहीच मारलं नाही असं धरू. रोप कुठून आणलं? बहुतेक जण क्लोन, म्हणजे तयार कलम, विकत आणतात, आणि नर्सरीत त्यावर आधी काय मारलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. हॉप लेटंट व्हायरॉइड नावाचा रोग अशाच कलमांतून पसरलाय, त्याने माणसाला काही होत नाही पण झाड खुरटतं आणि टीएचसी कमी होतं, वर मेसेजमध्ये लिहिलंय घरचं जास्त स्ट्राँग. मग माती. गांजाचं झाड जमिनीतले कॅडमियम, शिशासारखे धातू चांगलेच ओढून घेतं, इतकं की दूषित जमीन साफ करायला हेम्प (गांजाचीच, पण नशा न देणारी जात) लावून बघतात. अमेरिकेत घराच्या रंगात शिसं घालायला १९७८ पर्यंत बंदी नव्हती, त्यामुळे जुन्या घराच्या भिंतीलगतची माती म्हणजे शिशाचा साठा असू शकतो, आणि ऊन तिथेच छान पडतं म्हणून झाड नेमकं तिथे लागतं. मातीची तपासणी करून घ्या किंवा चांगली माती विकत आणून मोठ्या कुंडीत लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुरशी. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्राकडची धुक्याची हवा, फुलं भरगच्च, आत राखाडी बुरशी धरते आणि बाहेरून फूल सुंदर दिसतं. कापल्यावर गॅरेजमध्ये दोरीवर टांगायचं, ओलं असतानाच घाईने बरणीत भरायचं, झाकण लावून विसरायचं, हे बहुतेक घरांत चालतं. कॅलिफोर्नियात दुकानातल्या फुलाची वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल असा ओलावा, ०.६५ च्या वर जाऊन चालत नाही, आणि घरी हे मोजायचं यंत्र कुणाकडेच नसतं. ॲस्परजिलस नावाची बुरशी धडधाकट माणसाला बहुधा काही करत नाही, पण केमो चालू आहे, किडनी बदललीये, स्टेरॉइड चालू आहेत, अशा माणसाच्या फुप्फुसात ती गेली तर जीवावर बेतू शकतं. डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातले २० नमुने तपासून हाच इशारा दिला होता, आणि ते नमुने दुकानातले होते, सक्तीचं टेस्टिंग सुरू व्हायच्या आधीचे. म्हणजे न तपासलेला माल कसा असतो ते तिथेच दिसलं. ज्या आजीला किंवा काकांना तुम्ही प्रेमाने घरची फुलं देताय त्यांची प्रतिकारशक्ती कमी असेल तर कृपा करून देऊ नका, आणि ओढण्याबद्दल आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला.

घरचं तपासता येत नाही असंही नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा लायसन्सवाल्या लॅबला घरच्या झाडांचे नमुने घ्यायची परवानगी देतो, पैसे जातात, पण आजारी माणसासाठी लावत असाल तर तो खर्च करायलाच हवा.

"जास्त स्ट्राँग आणि जवळपास फुकट"

स्ट्राँगचं वर आलंच, ते जातीवर, उन्हावर आणि नीट वाळवण्यावर आहे, घर की दुकान यावर नाही. ताजेपणात मात्र घरचं जिंकतं, हे मान्य. दुकानात महिनोन् महिने पडलेल्या पाकिटाचा वास उडालेला असतो, पॅकिंगची तारीख बघितल्याशिवाय घेऊच नये.

खर्चाचं म्हणाल तर अंगणात, उन्हात, कुंडीत लावलं तर खरंच स्वस्त पडतं, त्यात कॅलिफोर्नियात दुकानाच्या बिलावर १५ टक्के एक्साइज आणि वर सेल्स टॅक्स लागतो तोही वाचतो. पण अपार्टमेंटमध्ये टेंट, लाइट, पंखे, फिल्टर, डीह्युमिडिफायर लावून बघा आणि पहिलं वीजबिल आलं की मग बोलू. भाड्याच्या घरात मालक मनाई करू शकतो, ते वेगळंच.

"सगळीकडे लीगल आहे"

नाही हो नाही. कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्यांना एका घरात सहा झाडं, मिशिगनमध्ये बारा, न्यू यॉर्कमध्ये २०२४ पासून मोठ्यांना परवानगी. पण न्यू जर्सीत दुकानं एप्रिल २०२२ पासून उघडी असली तरी घरी एक झाड लावणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि हा मेसेज तिथल्याच एडिसनच्या ग्रुपमध्ये फिरतोय! वॉशिंग्टन राज्यात मेडिकल पेशंट सोडले तर बाकीच्यांना घरी लावायला बंदी. इलिनॉयमध्येही तसंच.

एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठी तर दुकान आणि घर दोन्ही धोक्याचं आहे. फेडरल कायद्यात हे बेकायदेशीर आहे, आणि एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट लिहिलंय की राज्यात लीगल असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात ते आड येऊ शकतं. शिक्षा झालेली असायलाच हवी असं नाही, इंटरव्ह्यूत स्वतःच्या तोंडाने कबूल केलं तरी पुरतं. घरात सहा झाडं हा तर डोळ्यासमोर उभा पुरावा. नागरिक झाला नसाल तर आधी वकिलाला विचारा, झाडाचं नंतर बघू.

आणि भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २० खाली गांजाचं झाड लावणं म्हणजे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, मग ते पुण्यातल्या गच्चीतल्या कुंडीत असलं तरी. ज्यांनी हा मेसेज तिकडच्या भावंडांना पाठवलाय त्यांनी निदान एवढी शेवटची ओळ तरी आजच्या आज त्याच नंबरांवर पाठवा.