पुस्तकात बघून पसंत केलेली घरं

परवा डेकेटरला एकीकडे काम होतं, म्हणजे अटलांटाला चिकटून असलेलं जॉर्जियातलं छोटंसं शहर, काम दहा मिनिटांत उरकलं आणि मग उगाच रुळांच्या पलीकडे पायी भटकत गेले. मॅकडोना, ॲडम्स, किंग्ज हायवे असे तीन रस्ते आहेत, त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या भागाला मॅक म्हणतात. बुटकी पसरट छपरं, बाहेर डोकावणारे वासे, पुढे ऐसपैस ओटी आणि विटांच्या चौथऱ्यावर वर निमुळते होत जाणारे खांब. चालता चालता वाटलं अरे हे घर आत्ताच तर बघितलं! मागे जाऊन बघते तर खरंच तेच, फक्त त्याचं दार डावीकडे, याचं उजवीकडे.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की यातली बरीच घरं लैला रॉस विल्बर्न या आर्किटेक्ट बाईंच्या नकाशांवरून बांधलेली आहेत. जन्म 1885 चा, शिकल्या तिथेच जवळच्या ॲग्नेस स्कॉटमध्ये, आणि 1914 मध्ये त्यांनी घरांच्या डिझाइन्सचं पुस्तकच काढलं. पानं उलटायची, घर पसंत करायचं, नकाशे मागवायचे आणि गावातल्या कंत्राटदाराकडून बांधून घ्यायचं. साडीचा कॅटलॉग बघावा तसं! इथे जुना बंगला दिसला की लोक लगेच "सिअर्सचं घर" म्हणून मोकळे होतात, पण ते प्रकरण वेगळं, सिअर्स ही कॅटलॉगवरून माल विकणारी अमेरिकन कंपनी, ते 1908 ते 1940 घराचं सगळं सामानच रेल्वेने पाठवायचे. इथे येणार फक्त कागद, बाकी सगळं लोकल.

आता माझं म्हणणं ऐका. आपल्याकडे "छापील प्लॅनचं घर" म्हटलं की नाक मुरडतात, आर्किटेक्टने खास आपल्यासाठी काढलेलं हवं. ज्याला परवडतं त्याने घ्यावं की, पण बाकीच्यांनी काय करायचं? या बाईंनी मध्यमवर्गाला परवडेल असं, इथल्या उकाड्याचा विचार केलेलं घर पुस्तकातून दिलं आणि शंभर वर्षांनी लोक त्यात मजेत राहतायत. हल्ली अटलांटाच्या आसपास जुनी घरं पाडून प्लॉटभर जे ठोकळे उभे करतात ना, ते म्हणे "कस्टम"! मला तरी सगळे सारखेच दिसतात, पांढऱ्या भिंती काळ्या खिडक्या 😏

आणि बंगला हा शब्द आपल्याकडूनच गेलेला बरं का, बंगालच्या घरांवरून. फक्त आपल्याकडे बंगला म्हणजे श्रीमंती, इथे साधं बसकं घर.

एका ओटीवर आजोबा साखळ्यांच्या झोपाळ्यावर बसले होते. मी फोटो काढू का विचारलं तर म्हणाले खुशाल काढ, पण समोरच्या घराचा काढ, माझंच आहे ते फक्त उलटं, आणि त्यांनी रंग चांगला दिलाय.