पाड्यावर आदिवासी फिल्म महोत्सव भरवताय? पाहुण्यांची यादी नंतर करा

९ ऑगस्ट जवळ आला की जागतिक आदिवासी दिनाचे बॅनर लागतात आणि कुठे ना कुठे ‘आदिवासी फिल्म फेस्टिव्हल’ जाहीर होतो. जागा ठरलेली, तालुक्याचं सभागृह. बाहेर पाऊस कोसळत असतो, त्यामुळे दुसरा इलाजही नसतो. ज्यांच्यावर फिल्म केली ती माणसं त्या वेळी गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत असतात. मग सभागृहात बसतं कोण? गाडीत भरून आणलेली आश्रमशाळेतली पोरं, संस्थांचे कार्यकर्ते आणि सत्काराची वाट बघणारे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ही तारीख ठरवली, कारण १९८२ साली त्या दिवशी जिनिव्हात एका कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. त्या बैठकीचा आपल्या भातलावणीशी काडीचा संबंध नाही. त्या दिवशी मोर्चा काढा, तारपा वाजवा. फिल्म दाखवायला दुसरी तारीख शोधा आणि पाडा गाठा.

पाड्यावर दाखवल्याने काय होतं, याचं ठसठशीत उदाहरण ब्राझीलचं आहे. १९८६ साली फिल्मकार व्हिन्सेंट कारेली यांनी तिथल्या नांबिक्वारा आदिवासींचा एक विधी चित्रित केला आणि लगेच त्यांनाच दाखवला. लोक स्वतःवर नाराज झाले, अंगावर बाहेरचे कपडे फार दिसतात म्हणाले. पुढचा विधी त्यांनी रंग लावून, आपल्या रीतीने केला आणि कितीतरी वर्षं बंद पडलेली ओठ-नाक टोचण्याची प्रथाही कॅमेऱ्यासमोर पुन्हा केली. चित्रणाचं काय करायचं हे बघणाऱ्यांनी ठरवलं. सभागृहातल्या प्रश्नोत्तरांतून हे कधी निघत नाही.

उघड्यावर भरवायचं तर आपल्या हवेला धरून भरवावं. फिनलंडच्या उत्तरेला इनारी गावात सामी या तिथल्या आदिवासींचा स्काब्मागोवात हा महोत्सव १९९९ पासून भर जानेवारीत होतो. तिथे बर्फाचंच थिएटर उभारतात, पडदाही बर्फाचा, आणि पारा उणे २० च्या खाली गेला तरी माणसं येतात. हिवाळ्यातला लांबलचक अंधार आणि बर्फ हेच त्यांचं भांडवल. आपल्याकडे तसं भांडवल म्हणजे रात्र जागवायची सवय. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याला माणसं मुखवट्यांची सोंगं बघत पहाटेपर्यंत बसतात. त्यांना ‘उघड्यावर कार्यक्रम कसा बघायचा’ हे शिकवायला जाऊ नये.

तारीख ठरवताना पंचांगाआधी मुकादमाची उचल, म्हणजे मजुरांना कामावर नेण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम, बघा. दिवाळी झाली की टोळ्या वीटभट्टीवर, ऊसतोडीला निघतात. डिसेंबरात पाड्यावर म्हातारी माणसं आणि काही पोरंच उरतात. होळीला भट्टीवरची बरीच माणसं परत येतात. म्हणजे दिवाळीनंतरचा आठवडा किंवा होळीच्या आधीचा, एवढ्याच दोन फटी. त्यात शुक्ल सप्तमी, अष्टमी, नवमी पकडा. या तिथींना चंद्र संध्याकाळी माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आगेमागे पश्चिमेला मावळतो. पडद्याचं तोंड पूर्वेकडे ठेवलं तर रात्र चढेल तसा चंद्र पडद्याच्या मागे जातो. त्याचा उजेड चित्रावर पडत नाही, आणि शेजारच्या पाड्यावरून आलेल्यांना परत जायला वाट दिसते. मावळतीची लालीही मागेच राहते. पौर्णिमेला हे जमत नाही, चंद्र समोरून पडद्यावर चढतो. अमावस्येला चित्र झकास दिसतं, पण लांबची माणसं येत नाहीत.

जागा म्हणून खळं उत्तम. जमीन चोपलेली, सपाट. दिवाळीनंतर मात्र खळ्यावर भाताचे भारे असू शकतात. ते हलवायला सांगू नका, शाळेचं पटांगण घ्या. ५० फूट बाय ४० फूट जागेत खाली बसलेली तीनशे माणसं मावतात, आणि त्यांना १२ फूट रुंद, पावणेसात फूट उंच पडदा पुरतो. त्याहून मोठा पडदा ही फक्त हौस. खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर पुढची पोरं उभी राहिली की मागच्यांना डोकीच दिसतात. कापड मांजरपाट चालतं, पण दुहेरी घ्या. एकेरीतून उजेड आरपार जातो. चकचकीत फ्लेक्सची मागची बाजू वापरायचा मोह होतो, तो आवरा. मध्ये पांढरा डाग चमकतो आणि कडेला बसलेल्यांना काळपट दिसतं.

वाऱ्याचा हिशेब कुणी करत नाही. एवढ्या पडद्यावर ताशी ३० किलोमीटरचा झोत आला तर साधारण ३५ ते ४० किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून कडेने दर फुटाला रिंगा, वरची आणि बाजूची दोरी घट्ट, खालची मात्र सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बांधायची. झोत आला की खालची कड सुटते, वारा निघून जातो, चौकट शाबूत राहते. चौकटीला पुढे दोन, मागे दोन असे दोरीचे ताण, आणि खुंट्या दोन फूट आत ठोकलेल्या. ताणांना पांढऱ्या चिंध्या बांधा. अंधारात पहिला अडखळणारा माणूस हमखास पाहुणा असतो.

प्रोजेक्टर ३००० लुमेनचा पुरे. १२ फुटांच्या चित्रासाठी बहुतेक प्रोजेक्टर १८ ते २० फुटांवर ठेवावे लागतात, म्हणजे माणसांच्या अगदी मधोमध. टेबल पाच-सहा फूट उंच करा आणि भोवती दोरी ओढा. किडे लेन्सच्या उजेडावर येतात; बाजूला तीस-चाळीस फुटांवर एक पांढरा दिवा लावून ठेवला की बरेचसे तिकडे वळतात. दिवाळीनंतरच्या दिवसांत दव पडतं, लॅपटॉप आणि आवाजाच्या मिक्सरवर ताडपत्रीचं आच्छादन हवं.

विजेला आकडा टाकायचा नाही. गावाची लाइन संध्याकाळी मलूल असते आणि ऐन वेळी जाते. दोन केव्हीएचा लहान जनरेटर प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि चार दिव्यांना पुरतो. तो दीडशे फुटांवर, घराच्या किंवा बांधाच्या आड ठेवा, वारा तिकडे वाहत असेल अशा अंगाला. पेट्रोल आधी भरा. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नका. प्रोजेक्टरला एक केव्हीएचा यूपीएस लावा, कारण दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा जातो. मात्र काही यूपीएसना जनरेटरची वीज रुचत नाही. ते गुपचूप बॅटरीवर चालत राहतात आणि विसाव्या मिनिटाला मान टाकतात. आदल्या दिवशी ही जोडी अर्धा तास चालवून बघा.

आता आवाज. दहा रुपयांतले चार आवाजावर घाला असं आमचं ठाम मत आहे, आणि बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलट होतं. पैसा स्टेजवर, शालींवर आणि बॅनरवर जातो, आवाज मंडपवाल्याच्या डीजेवर सोडून देतात. तो डीजे नाचायला बनवलेला असतो. बास धडधडतो आणि आजीने वारली बोलीत सांगितलेली कणसरी या धान्यदेवीची गोष्ट गाळात जाते. ऑपरेटरला १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला सांगा, २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवायला सांगा. स्पीकर जमिनीवर नकोत. स्टँडवर सहा-सात फूट उंच, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, तोंडं किंचित आत. जमिनीवर ठेवले तर पुढच्या दोन रांगा आवाज पिऊन टाकतात. मागे साठ फुटांवर आणखी जोडी लावली तर तिला उशीर द्यावा लागतो, दर फुटाला सुमारे एक मिलिसेकंद. तो दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि संवाद कळेनासे होतात. लॅपटॉपचा चार्जर जनरेटरवर असला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. चित्रपट चालू असताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, किंवा मध्ये ही घूं अडवणारा आयसोलेटर लावा. ब्लूटूथ अजिबात नको, ओठ आधी हलतात.

भाषेचं काय? मराठी सबटायटल लावली की आपलं काम झालं असं शहरातल्या आयोजकांना वाटतं. समोर बसलेल्या निम्म्या आजी-आजोबांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचंही चित्र बघायचं राहून जातं. झारखंडकडच्या कुडुख किंवा संथाळी भाषेतली फिल्म कोकणा पाड्यावर दाखवायची तर माइकवर सांगणारं माणूस हवं, पाड्यातलंच, बोलकं. त्या व्यक्तीला फिल्म आधी दोनदा दाखवा. प्रोजेक्टरच्या टेबलाशेजारी बसवा, हातात स्वतंत्र माइक द्या. ती बोलायला लागली की ऑपरेटरने फिल्मचा आवाज खाली आणायचा, थांबली की वर. शब्दाला शब्द नको. ‘आता हा भाऊ जमिनीचा कागद मागतोय’ एवढं पुरतं. गाणं आलं की गप्प. सबटायटल असतीलच तर चित्रात छापून घ्या, कारण वेगळी फाइल असली की काही प्लेअरवर जोडाक्षरं तुटतात.

कोणत्या फिल्म? रांचीचे बिजू टोप्पो आणि मेघनाथ यांनी खाणी आणि विस्थापनावर फिल्म केल्या आहेत. सरदार सरोवरात ज्यांची गावं गेली त्या नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या माणसांना या फिल्मची प्रस्तावना लागत नाही. सगळ्यात जास्त गर्दी खेचणारी फिल्म मात्र त्याच दिवशी सकाळी पाड्यावर मोबाइलवर काढलेली दहा मिनिटं असते. ती सगळ्यात आधी दाखवली तर बघून लोक घरी जातात, शेवटी ठेवली तर लहान मुलं झोपलेली असतात. मधोमध ठेवा. लोक हसतील, ओरडतील, ‘परत लाव’ म्हणतील. परत लावा. गप्प बसा म्हणून माइकवरून दटावणारा सूत्रसंचालक त्या रात्री घरी राहिलेला बरा.

देवचौकाचं (लग्नात भिंतीवर काढलेल्या पवित्र चौकाचं), धवलेरीच्या (लग्नविधी करणाऱ्या बाईच्या) गाण्यांचं, भगताच्या विधीचं चित्रण असेल तर आदल्या दिवशी जाणत्यांना दाखवून विचारा. पडद्यावर दिसणारं कुणी वारलं असेल तर त्याच्या घरच्यांना आधी सांगा. ऑस्ट्रेलियात मूळनिवासींच्या चित्रणाआधी अशी सूचना देतात. आपल्याकडे ती पडद्यावर लिहिण्यापेक्षा घरी जाऊन दिलेली बरी.

कागदपत्रं थोडक्यात. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि त्याआधीही पोलिसांची लेखी परवानगी लागते. दिवाळीनंतर पावणेसातला पुरता अंधार होतो, होळीच्या सुमारास सव्वासातला. म्हणजे हातात पावणेतीन ते सव्वातीन तास. त्यात फिल्म दोन तासांच्या वर भरू नका. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या फिल्मसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे महोत्सवाची सूट मागावी लागते, ते काम वेळेत सुरू करा. आणि ग्रामसभेला विचारा. आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. तरी अजून कार्यक्रमाची पत्रिका छापून झाल्यावर सरपंचाची सही घ्यायला माणूस पाठवतात.

बसण्याची व्यवस्था ताडपत्री आणि चटया. अंथरण्याआधी बॅटरीने जमीन बघा, विंचू असतो. खाटा आणि खुर्च्या सगळ्यात मागे, म्हाताऱ्यांसाठी. पुढे पाहुण्यांसाठी सोफा टाकला की मागच्या पन्नास माणसांचा पडदा गेला. तुमचे पाहुणे चटईवर बसणार नसतील तर त्यांना बोलावू नका. भाषणं करायचीच असतील तर अंधार पडायच्या आधी उरका.

खरी चर्चा रात्री होत नाही. दहा वाजता माणसं दमलेली असतात आणि पोरं खांद्यावर. ती सकाळी होते, कोऱ्या चहावर, आणि तेव्हा फिल्मवाला हजर लागतो. त्याने पहाटेची एसटी पकडू नये. ‘हे असं नव्हतं’, ‘हिचं नाव चुकलंय’, ‘जमिनीचा भाग का गाळला’ हे सगळं तेव्हा निघतं. ते लिहून घ्यायला माणूस नेमा, आणि पाड्यावर काढलेल्या सगळ्या चित्रणाची प्रत निघण्याआधी पेनड्राइव्हवर पाड्याकडे द्या. दोन प्रती करा, एक शाळेत आणि एक ग्रामसभा सांगेल त्या घरी.