५.१ घरी बनत नाही म्हणणारा तो मेसेज, अन् त्याचं उत्तर

शूटिंगवाल्यांच्या, साउंडवाल्यांच्या अन् आता तर भजनी मंडळांच्या ग्रुपवर पण तो मेसेज परत फिरायलाय. मेसेज असा: "सराउंड साउंड घरी बनत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमधून फक्त स्टिरिओ निघतो. डॉल्बीचं लायसन लागतं, पुण्या-मुंबईचा स्टुडिओ लागतो. बाकी जे ऐकवतात ती सगळी एकोची करामत." शॉर्टफिल्म करणाऱ्या इथल्या एका पोरानं तो वाचून मला विचारलं, दादा मग मी स्टिरिओच ठेवू का. म्हणून लिहायलोय, कारण यातलं बरंचसं चूक हाय.

आधी ते "फक्त स्टिरिओ निघतो" घेऊ.

५.१ म्हणजे चारी बाजूंनी आवाज देणाऱ्या सराउंडचा नेहमीचा प्रकार, अन् तो शेवटी काय, तर एका फाइलमधे सहा वेगवेगळे मोनो, म्हणजे एकेरी आवाज: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, एलएफई (वूफरसाठीचा खोल आवाजाचा चॅनेल), मागचा डावा अन् मागचा उजवा. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट हाय, ओपन सोर्स हाय, त्यात सहा मोनो ट्रॅक ठेवा, एक्सपोर्ट करताना चॅनेल्समधे मोनो-स्टिरिओ सोडून कस्टम मॅपिंग निवडा, कोणता ट्रॅक कितव्या चॅनेलला जोडायचा ते ठरवा, झाली सहा चॅनेलची वेव्ह फाइल. मग लोकांना स्टिरिओच काहून ऐकू येतो? कारण ऑडॅसिटी स्वतः वाजवताना दोनच चॅनेल वाजवतं, अन् लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून पण दोनच बाहेर पडतात. फाइल बरोबर असती, वाट अरुंद असती. तीच फाइल एचडीएमआयनं होम थिएटरला जोडून व्हीएलसीत लावा अन् मग बोला.

मी हे गंगाखेडजवळ आमच्या गावच्या सप्ताहात केलंय. काल्याच्या दिवशी दिंडी निघती, मारुतीच्या पारापुढं थांबती, दोन्ही अंगाला टाळकऱ्यांच्या रांगा अन् मधे पखवाज. एका काठीला दोन साधे स्टिरिओ रेकॉर्डर बांधले, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं, अन् काठी घेऊन रांगांच्या मधे उभा राहिलो. अभंग म्हणणाऱ्या बुवांना कॉलर माईक लावला, तो गेला मधल्या चॅनेलला. सुरू करायच्या आधी काठीजवळ एक जोरात टाळी वाजवली, बुवांना तिथंच उभं करून, म्हणजे तिन्ही फाइलमधे तो टोकदार ठिपका दिसतो अन् जुळवता येतं. पण शेवटी पण एक टाळी वाजवा बरं का, कारण दोन रेकॉर्डरची घड्याळं अगदी सारखी पळत नाहीत, तासाभरात मागचे टाळ पुढच्यापासून सुटायला लागतात, मग शेवटची टाळी बघून एक फाइल जराशी ताणून घ्यावी लागती. पखवाजाच्या धुम्याचा खालचा भाग, १२० हर्ट्झच्या खालचा, थोडासा कॉपी करून एलएफईला दिला. थोडासाच, कारण एलएफई वाजताना बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल चढून वाजतो.

पहिल्यांदा मात्र बुवांचा आवाज उजव्या स्पीकरमधून आला, मधल्यातून नाही, अन् मागच्या उजव्यात नुसता धुमा घुमायलाय. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं की सिनेमावाल्यांच्या एका जुन्या क्रमात डावा-मधला-उजवा, मग मागचे दोन अन् एलएफई शेवटी असं असतं अन् वेव्हमधे डावा-उजवा-मधला-एलएफई अन् मग मागचे दोन. मी पहिल्या क्रमानं ट्रॅक लावले होते. इथं बरेच जण अडकतात अन् मग सॉफ्टवेअरला दोष देतात, त्यातूनच असले मेसेज निघत असणार असं मला वाटतं.

आता लायसन. वेव्हला लायसन लागत नाही, फ्लॅकला (आवाज न बिघडवता दाबलेली फाइल) लागत नाही, अन् फ्लॅकमधे ८ चॅनेलपर्यंत बसतात. जुन्या रिसीव्हरला ऑप्टिकल वायरनं द्यायचं असेल तर एसी-३ करावं लागतं, कारण त्या वायरीतून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, दोनच चॅनेल जातो. तेच डॉल्बी डिजिटल. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर ते बनवून देतं, ४४८ केबीपीएसला छान निघतं, अन् त्याची पेटंट २०१७ मधे संपलीत. डॉल्बीचं नाव अन् लोगो छापायला परवानगी लागती, ते खरं. ॲटमॉसचं (डॉल्बीचा वरूनही आवाज देणारा प्रकार) अधिकृत मास्टर काढायला त्यांची नाहीतर त्यांच्या परवान्याची साधनं लागतात, ते पण खरं. पण मेसेज ॲटमॉसबद्दल नाही, सरसकट सराउंडबद्दल बोलायलाय. अन् थिएटरला फिल्म द्यायची तर? डिजिटल सिनेमाच्या पॅकेजमधे (डीसीपी, म्हणजे थिएटरला द्यायची फाइल) आवाज साधा २४ बिटचा पीसीएमच असतो, दाबलेला नसतो, अन् डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मुक्त सॉफ्टवेअर ते ५.१ सकट बांधून देतं. त्या पोराला मी हेच सांगितलं.

स्टुडिओचं म्हणाल तर मोठ्या कामाला, सिनेमाच्या शेवटच्या मिक्सला चांगली खोली पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. पण शिकायला घरचा सेट पुरतो, फक्त स्पीकर नीट ठेवा. आपल्याकडं मागचे दोन स्पीकर पार मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात वर ठोकलेले असतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या शिफारशीत, ऐकणाऱ्याच्या नाकासमोरून मोजून, पुढचे ३० अंशावर अन् मागचे १०० ते १२० अंशावर, म्हणजे कानाच्या जरासेच मागं. एवढं हलवलं तरी टाळ अंगाभोवती येतात. सेटच नसेल तर ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आयईएम संस्थेचे फुकट प्लगइन आर्डर नावाच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधे टाका, त्यातला बायनॉरल डिकोडर साध्या हेडफोनवर दिशा ऐकवतो. मागचं-पुढचं कधीकधी फसतं, म्हणून शेवटी एकदा खऱ्या सेटवर ऐकाच.

एकोची करामत म्हणता ते मात्र "८डी" नावाच्या गाण्यांना लागू पडतं. तो स्टिरिओच असतो, डावी-उजवीकडं फिरवलेला अन् वर घुमारा टाकलेला. त्याच्यावरून सगळ्यांना एका मापात मोजू नका.

ज्याला करून बघायचं त्यानं आधी मोबाइलवर आपल्याच आवाजात "पुढचा डावा", "पुढचा उजवा", "मधला", "मागचा डावा", "मागचा उजवा" असं एकेक बोलून ठेवावं, अन् वूफरसाठी पखवाजाचा एक ठोका, मग ते सहा चॅनेलला लावून वाजवावं. ज्याचं नाव त्याच स्पीकरमधून आलं की मग टाळ टाका.