मुंबईत भाड्याचं घर शोधणाऱ्यांची पथ्यं

मुंबईत परवडणारं घर मिळत नाही अशी ओरड करणाऱ्यांचं मूळ चुकतं ते एकाच ठिकाणी. आपल्याला काय हवं ते ते आधी ठरवतात आणि मग घर बघायला निघतात. क्रम उलटा आहे. आधी घर बघायचं, आणि त्यात जेवढं मावेल तेवढंच आपल्याला पहिल्यापासून हवं होतं, हे घरी येऊन स्वतःला पटवायचं.

सुरुवात दादरपासून करा. एजंटला बजेट सांगा. तो हसणार नाही, धंद्याचा माणूस आहे. "घाटकोपरला बघू" म्हणेल. मग मुलुंड, मग ठाणे, मग डोंबिवली. बदलापूर आलं की बजेट आणि भाडं यांची नजरानजर होते. सीएसएमटी तिथून ६८ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास धरा, त्यातले बरेचसे उभ्याने. महिन्याचे पंचवीस दिवस पकडले तर ७५ तास. हे तास अॅग्रीमेंटमध्ये लिहीत नाहीत, म्हणून घर परवडतं.

"स्टेशनपासून पाच मिनिटं" हे वाक्य खोटं नसतं. रात्री अडीच वाजता, रस्ता मोकळा असताना, बाइकवरून पाचच मिनिटं लागतात. शंका असेल तर संध्याकाळी साडेसातला स्टेशनवर उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा. घर बघायची खरी वेळ तीच. एजंट मात्र रविवारी सकाळी अकराला बोलावेल, आणि तुम्हीही जालच.

ऑनलाइन शोधत असाल तर भाव निम्मा आणि फोटो देखणे असलेली जाहिरात आधी उघडा. तिथले मालक बहुधा लष्करात असतात, नुकतीच लांब बदली झालेली असते आणि चावी वॉचमनकडे असते. घर बघायला फक्त गेटपासचे पैसे भरायचे, लगेच परत मिळणारे. त्यासाठी क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असतं. पण एवढ्या भाड्यात दोन बाल्कन्या!

प्रत्यक्ष घरात शिरलात की खिशातली मेजरिंग टेप बाहेर काढू नका, मालकाचा अपमान होतो. जाहिरातीतला साडेपाचशे फुटांचा आकडा सुपर बिल्टअप असतो. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि बिल्डरची कल्पनाशक्ती धरलेली असते. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली खरी वापरायची जागा, साडेतीनशेच्या आसपास निघाली तर नशीब समजा. आठ बाय नऊची बेडरूम असेल तर पाच बाय साडेसहाचा पलंग नक्की मावतो. पलंग मावल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडतं, आणि अर्ध्या दारातून शर्ट काढायची कला आठवड्यात जमते. फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडतं आणि वॉशिंग मशीनच्या जागी नळ आहे का, हे टोकन दिल्यावर बघा. आधी बघितलं तर घर आवडेनासं होतं.

भिंतींबद्दल मात्र एक गोष्ट खरोखर करा. मे महिन्यात नवा रंग लागलेलं घर दिसलं की बाहेरच्या बाजूच्या भिंतीशी, कपाटामागे हात घाला आणि अंगठा जोरात दाबा. प्लास्टर भुसभुशीत असेल तर अंगठा आत जातो. ओल असते, आणि जुलैत ती बुरशीसकट बाहेर येते. वरच्या मजल्यावर छताच्या कोपऱ्यातले पिवळे डागही बघा. मालक म्हणेल, "वॉटरप्रूफिंग झालंय." कधी झालंय, हे विचारायचं नसतं. पाणी किती वेळ येतं हे मालकाला विचारून उपयोग नाही, तो इथे राहत नाही, वॉचमनला विचारा. टँकर कितीदा येतो हेही तोच सांगेल.

मग तुमची पाहणी सुरू होते. सोसायटीच्या कमिटीसमोर जाताना विवाहित असा, शाकाहारी असा, आडनाव बेताचं ठेवा. रात्रपाळी, गिटार आणि मित्र असल्यास ते घरमालकाच्या सोयीने मागाहून कळू द्या. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, त्यावर २००१च्या सरकारी आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, तीही पालिकेचे कर वगळून. म्हणून तुमच्याकडून जे घेतलं जातं त्याला शिफ्टिंग चार्ज म्हणतात, किंवा स्वेच्छेची देणगी. पावती मागितलीत तर स्वेच्छा कमी पडते.

आता पैसे. २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने, असं साधं उदाहरण घ्या. सरकारची स्टॅम्प ड्युटी पाव टक्का: अकरा महिन्यांचं भाडं २,७५,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ९,१६७, म्हणजे ड्युटी साधारण ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, २५ हजार. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं आणखी २५ हजार. चावी हातात यायच्या आत दीड लाखाच्या वर गेलेत, टेम्पो आणि हमाल वेगळे. एवढ्या खर्चात सरकारचा वाटा सगळ्यात लहान असतो, आणि मालकाला वाचवावासा वाटतो तो नेमका तोच. "अकरा महिन्यांचं आहे, नोंदणी कशाला?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महिने कितीही असोत. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पहिल्याच भेटीत मालकाला समजावून सांगा. घर जाईल, पण समाजप्रबोधन होईल.

महिन्याचं भाडंच नको असेल तर हेवी डिपॉझिटचा मार्ग आहे. काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाड्याविना राहायचं. त्या फ्लॅटवर कर्ज आहे का, हप्ते थकलेत का, हे विचारून आनंदात विरजण घालू नका. बँकेची नोटीस दारावर लागली की आपोआप समजतं. रक्कम चेकने देऊन करारात पूर्ण लिहून घेणारे लोक तर फारच संशयी.

अकरा महिने भुर्रकन जातात. मुदत संपल्यावरही राहिलात तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार ठरल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, तेव्हा वेळेवर निघा. डिपॉझिटमधून रंगकामाचे अठरा हजार कापले जातील. एका खिळ्यासाठी सगळं घर रंगवावं लागतं. पुढच्या रविवारी अकरा वाजता एजंट नव्या माणसाला घेऊन येईल. त्याने कपाटामागे हात घातला, तर तुमच्या अंगठ्याचा खळगा त्याला तिथेच सापडेल.