बोवीने संगीत सोडलं नव्हतं

माझा भाचा चांगला चाललेला बँड सोडायला निघालाय. का रे, विचारलं तर फोन पुढे केला. त्यात ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीबद्दल एक फॉरवर्ड: '३ जुलै १९७३ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये डेव्हिड बोवीने यशाच्या शिखरावर संगीतसंन्यास घेतला. साथीदारांना पुढे येता यावं म्हणून केलेला हा त्याग! त्या रात्रीचं रेकॉर्डिंग हाच त्याचा निरोपाचा अल्बम. मत्सरापोटी त्याने पाहुणा गिटारवादक जेफ बेकला त्यातून काढून टाकलं.' घराघरात फिरतंय हे.

संन्यास म्हणे! त्याच जुलैमध्ये हा संन्यासी फ्रान्सला जाऊन 'पिन अप्स' रेकॉर्ड करत होता. ऑक्टोबरमध्ये तो अल्बम बाजारात आला, पुढच्या जूनमध्ये उत्तर अमेरिकेचा दौरा सुरू. शेवटचा अल्बम निघाला जानेवारी २०१६मध्ये, मरणाच्या दोन दिवस आधी. सोडलं ते स्टेजवर घेतलेलं झिगी स्टारडस्ट नावाचं सोंग.

आता बोलला तो तसं, हे खरं. रेकॉर्डिंगच ऐका, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही: शेवटच्या गाण्याआधी तो सांगतो की हा नुसता दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम नाही, यापुढे आपण कार्यक्रमच करणार नाही. हॉलमध्ये किंकाळ्या उठतात. लोकांचा गैरसमज झाला तर त्यांना दोष कसा देणार? आणि तो, गिटारवादक मिक रॉन्सन, बास वाजवणारा ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमर वुडी वुडमन्सी या चौघांच्या एकत्र कार्यक्रमांपुरतं ते खरंच ठरलं.

पण 'साथीदारांसाठी त्याग' वाचून माझं डोकं फिरलं. रॉन्सनला आधी कल्पना होती. बोल्डर आणि वुडमन्सी यांना मात्र आपलं काम गेल्याचं स्टेजवर, हजारो लोकांबरोबर कळलं. त्याआधी याच दोघांनी पगारवाढ मागितली होती, कारण नंतर आलेला पियानोवादक माइक गार्सन त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त घेतो हे उघड झालं होतं. दौऱ्यांचा खर्च डोईजड झाला होता, आणखी एका अमेरिकावारीसाठी रेकॉर्ड कंपनी हात सैल सोडत नव्हती. 'पिन अप्स'मध्ये ड्रमवर वुडमन्सी नाही, एन्स्ली डनबार आहे. ज्याची नोकरी गेली त्याच्याच नावावर मालकाचा त्याग लिहायचा, हे कुठलं शहाणपण? आणि ते वाचून पोरांनी बँड सोडायचे!

निरोपाचा अल्बम? तो निघाला १९८३च्या ऑक्टोबरमध्ये, दहा वर्षांनी. तोवर बोवी कंपनी बदलून 'लेट्स डान्स' या अल्बममुळे जगभर गाजत होता, आणि जुन्या कंपनीने कपाटातला माल बाहेर काढला. मिक्सही, म्हणजे आवाजांची जुळणीही, फार काही बरा नव्हता. २००३मध्ये निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने तो नव्याने केला.

राहिला बेक. तो त्या रात्री वाजवायला आला होता आणि अल्बममध्ये नव्हता, इतकं बरोबर. पण स्वतःच्या वादनावर तोच खूश नव्हता, ते वगळावं ही इच्छाही त्याचीच. पन्नास वर्षांनिमित्त २०२३मध्ये आलेल्या आवृत्तीत ती गाणी आहेत. ऐकायला कुणी अडवलेलं नाही.